जुनी गाडी एलपीजीवर करावी का? पेट्रोल, मिक्सर आणि इंजेक्शन किट यांची तुलना

जुनी गाडी गॅसवर करण्याचा विचार बहुधा दोन इंधनांच्या दरांतील फरकापासून सुरू होतो आणि पुष्कळदा तिथेच संपतो. दरांचा हिशेब करायलाच हवा, पण या निर्णयातला तो सर्वांत सोपा भाग आहे. किट लाभेल की नाही हे इंजिनाच्या हेडवर (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या झाकणावर), मूळ इंधनप्रणालीवर आणि कूलिंग व इग्निशन यांच्या प्रकृतीवर ठरते. या दृष्टीने पाहता मालकासमोर तीन वाटा असतात: गाडी पेट्रोलवरच ठेवणे, मिक्सर पद्धतीचे किट बसवणे, किंवा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर देणारे सिक्वेन्शियल किट बसवणे.

आधी हिशेब उरकून घेऊ. एक लिटर द्रवरूप एलपीजीतून मिळणारी ऊर्जा एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक पंचमांशाने कमी असते, त्यामुळे तेवढ्याच अंतराला 20 ते 25 टक्के जास्त लिटर लागतात. गॅसचा दर पेट्रोलच्या निम्मा असेल आणि वापर 25 टक्क्यांनी वाढला, तर किलोमीटरमागे 37 ते 38 टक्के बचत होते. दर पेट्रोलच्या 80 टक्क्यांवर गेला की बचत शून्य. किट, बसवण्याची मजुरी आणि कागदपत्रे यांच्या एकूण खर्चाला किलोमीटरमागच्या बचतीने भागले की खर्च किती अंतरानंतर वसूल होईल ते समजते. तेवढे अंतर कापायला आपल्याला चार-पाच वर्षे लागणार असतील, तर त्या काळात जुने इंजिन टिकेल का, हाही प्रश्न याच हिशेबात धरावा.

मिक्सर पद्धत रचनेने साधी आहे. टाकीतून आलेला द्रव गॅस व्हेपरायझरमध्ये कूलंटच्या उष्णतेवर वायुरूप होतो, त्याचा दाब कमी केला जातो आणि कार्बोरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडाशी बसवलेल्या मिक्सरमधून तो हवेबरोबर ओढला जातो. कार्बोरेटरच्या गाडीला ही पद्धत स्वाभाविकपणे जुळते, स्वस्त पडते, आणि तिची दुरुस्ती अनुभवी मेकॅनिक संगणकाशिवाय करू शकतो. मात्र गॅस हवेची जागा अडवतो आणि मिक्सरचा अडथळाही मध्ये येतो, त्यामुळे पिकअप थोडा कमी जाणवतो. ताकदीत पाच ते दहा टक्क्यांची घट अपेक्षित धरावी. मिश्रणाचे प्रमाण सर्व वेगांना सारखे अचूक राहत नाही, आणि एअर फिल्टर तुंबला तरी ते बिघडते.

या पद्धतीचा खरा दोष बॅकफायर हा आहे. संपूर्ण इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणारी नळ्यांची जोडणी, पेटू शकणाऱ्या मिश्रणाने भरलेले असते, त्यामुळे एखादा प्लग चुकला किंवा इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नसला की ज्योत उलट दिशेने जाते. जुन्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियम मॅनिफोल्डवर एक मोठा आवाज होऊन विषय संपतो, परंतु ज्या गाड्यांमध्ये हवा मोजण्यासाठी झडपेचा एअर फ्लो मीटर आहे, त्यात तीच झडप वाकते किंवा फुटते. इंजेक्शनच्या सुरुवातीच्या काळातील अशा गाडीला स्वस्त म्हणून मिक्सर बसवणे, हा माझ्या मते सर्वांत वाईट पर्याय आहे.

सिक्वेन्शियल किटमध्ये गॅस प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हजवळ आणि नेमक्या क्षणी सोडला जातो. मॅनिफोल्डमध्ये मिश्रण साठत नाही, त्यामुळे बॅकफायरची शक्यता फारच कमी होते, ताकदीतील घट सहसा जाणवत नाही आणि गॅसचा वापरही आटोक्यात राहतो. इंजिन पेट्रोलवर सुरू होते आणि कूलंट पुरेसे तापल्यावर आपोआप गॅसवर जाते. म्हणजे रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर गाडी बराचसा वेळ पेट्रोलवरच चालेल. हे किट पेट्रोल इंजेक्टरला मिळणारे विद्युत संकेत वाचून स्वतःचे काम ठरवते, म्हणून कार्बोरेटरच्या गाडीला ते थेट लागत नाही. के-जेट्रॉनिकसारख्या, इंधन सतत फवारणाऱ्या यांत्रिक इंजेक्शनमध्येही वाचायला संकेतच नसतात. सिक्वेन्शियल किट तिथे सहज बसेल असे कोणी सांगितले, तर संकेत कुठून घेणार हे विचारून पाहावे.

किट कोणतेही असो, जुन्या इंजिनाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतो त्या कडा. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील अनेक कास्ट आयर्न हेडमध्ये सीट थेट हेडच्याच धातूत कापलेली असे, आणि शिशाच्या संयुगांचा पातळ थर तिला झिजेपासून वाचवत असे. एलपीजीत शिसे नाही आणि व्हॉल्व्हला किंचित ओलावा देणारे द्रव इंधनही नाही. परिणामी दीर्घकाळ जास्त वेगाने गाडी हाकली की व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांतील फट) कमी होते, शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. टॅपेट वाजत नाही म्हणजे सगळे ठीक, हा नेहमीचा समज इथे उलटा पडतो; गॅप घटते तसे इंजिन अधिक शांत होत जाते. म्हणून किट बसवण्याआधी प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हची गॅप फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून लिहून ठेवावी आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच मापे पुन्हा घ्यावीत. तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट असल्यास ही झीज बराच काळ दिसतच नाही. हेड केव्हातरी उतरवावेच लागणार असेल, तर त्याच वेळी कठीण धातूच्या सीट बसवून घेणे शहाणपणाचे. तो खर्च किटच्या खर्चात मिळवूनच तुलना करावी. बिनशिशाच्या पेट्रोलवरही असे हेड पूर्ण सुरक्षित नसते, एवढे पेट्रोलच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

कूलिंगचा संबंध अनेकांच्या लक्षात येत नाही. द्रवाचा वायू होताना उष्णता शोषली जाते, आणि ती व्हेपरायझरला कूलंटमधून मिळते. पाणी कमी असेल, थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल किंवा नळीत हवा राहिली असेल, तर ऐन उन्हातही व्हेपरायझरवर पांढरे दव गोठलेले दिसते आणि गाडी धक्के देऊ लागते. इग्निशनच्या बाबतीत, गॅसचे मिश्रण पेटवायला प्लगवर अधिक व्होल्टेज लागते, त्यामुळे पेट्रोलवर खपून जाणारी जुनी वायर, थकलेली कॉइल किंवा झिजलेले पॉइंट गॅसवर लगेच उघडे पडतात. एलपीजीचा ऑक्टेन (अकाली न पेटण्याची क्षमता) जास्त असला, तरी कमी कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनाला त्याचा विशेष लाभ घेता येत नाही.

गॅसच्या बाजूने सांगण्यासारखेही आहे. द्रव इंधनासारखा गॅस सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढत नाही, ऑइल अधिक काळ स्वच्छ राहते, कार्बन कमी साचतो आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड घटतो. पेट्रोलची टाकी तशीच राहत असल्याने एकूण पल्लाही वाढतो.

जागेची किंमत मात्र मोजावी लागते. गोल टाकी स्टेपनीच्या खाचेत बसली तर स्टेपनी जाते, लांबट टाकी बसवली तर डिकी जाते. टाकी 80 टक्केच भरते, म्हणून 60 लिटरच्या टाकीत 48 लिटर गॅस येतो. उरलेली जागा उष्णतेने फुगणाऱ्या द्रवासाठी असते. टाकीतील दाब सामान्य हवामानात 10 बारच्या आत राहतो, तर सीएनजीचा सिलिंडर सुमारे 200 बारला भरतात आणि म्हणूनच जाड व जड असतो. हलक्या जुन्या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनला एलपीजी अधिक मानवते. उलट एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड असल्याने गळती तळघरात किंवा गॅरेजच्या खड्ड्यात साचते, आणि काही ठिकाणी भूमिगत पार्किंगमध्ये अशा गाडीला मज्जाव असतो. टाकी व व्हॉल्व्ह यूएन नियम 67 (एलपीजी वाहनांच्या भागांसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम) प्रमाणे प्रमाणित आहेत का, हे शिक्क्यावरून पाहून घ्यावे.

कार्बोरेटरची, चांगल्या हेडची आणि रोज लांब धावणारी गाडी असेल, तर मिक्सर पुरेसा आहे. विद्युत इंजेक्शनच्या गाडीला सिक्वेन्शियल किटच घ्यावे आणि तेवढा खर्च परवडत नसेल तर पेट्रोलवर थांबावे. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (सिलिंडरमधील दाबाच्या चाचणीत) एखादा सिलिंडर मागे पडत असेल, तर आधी तो दुरुस्त करावा आणि किटचा विचार नंतर. आठवड्यातून एखादे वेळी बाहेर निघणारी हौसेची गाडी पेट्रोलवरच बरी. गाडी गॅसवर केल्यावरही अधूनमधून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावी, नाहीतर कार्बोरेटरचे डायफ्राम आणि पंपाचे रबर कोरडे पडून तडकते.