पुण्यातला बायोसेफ्टी ट्रेनिंग कोर्स: प्रॅक्टिकलसाठी जा, सर्टिफिकेटसाठी नको

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रो (मायक्रोबायोलॉजी, म्हणजे जंतू तपासणीचा) सेक्शन बघते, थुंकी, पू, ब्लड कल्चर सगळं आमच्याकडेच येतं. पुण्यातल्या एका खासगी संस्थेचा तीन दिवसांचा लॅब बायोसेफ्टीचा (जंतूंबरोबर काम करताना स्वतःला आणि इतरांना लागण होऊ न देण्याचा) कोर्स आम्ही काही जणांनी केला. नाव देत नाहीये कारण अशा कोर्सेसचा साचा सगळीकडे साधारण सारखाच असतो आणि मला जे सांगायचंय ते कुठेही पैसे भरण्याआधी उपयोगी पडेल.

आधी चांगलं. दुसऱ्या दिवसाचं कॅबिनेटचं सेशन, नुसतं तेवढ्यासाठी फी वसूल. आपल्याकडे कॉलेजात बहुतेकांनी लॅमिनारवर (गाळलेल्या हवेच्या झोतात प्लेट स्वच्छ ठेवणाऱ्या टेबलावर) काम केलेलं असतं आणि मग लॅमिनार आणि बायोसेफ्टी कॅबिनेट एकच असं डोक्यात पक्कं बसतं, ते अजिबात एक नाही. हॉरिझॉन्टल लॅमिनारमध्ये हेपातून (जंतूही अडवणाऱ्या बारीक फिल्टरमधून) गाळलेली हवा मागून प्लेटवरून थेट तुमच्या तोंडावर येते, म्हणजे प्लेट सुरक्षित पण तुम्ही नाही, आणि त्यात पेशंटचं सॅम्पल उघडलं तर जे काय उडेल ते तुमच्याच श्वासात. क्लास टू कॅबिनेटमध्ये समोरून हवा आत खेचली जाते, वरून गाळलेली हवा खाली येते, आणि ए टू टाइपमध्ये साधारण ७० टक्के हवा परत आत फिरते, ३० टक्के हेपातून बाहेर. ट्रेनरने हे फळ्यावर काढून सोडून दिलं नाही, स्मोक ट्यूब हातात दिली आणि म्हणाले आता हात झटकन आत-बाहेर करा. धूर कॅबिनेटमधून बाहेर येताना डोळ्यांनी दिसला ना की मग हात सावकाश आणि सरळ आत न्यायचे हे कुणाला परत सांगावं लागत नाही. पुढच्या जाळीवर वही ठेवली की हवेचा पडदा कसा मोडतो, आत बर्नर लावला की काय होतं, हे पण दाखवलं. किती लॅबमध्ये त्या जाळीवर रजिस्टर उघडं पडलेलं असतं बघा एकदा.

स्पिल ड्रिल पण झकास. रंगीत पाणी सांडून ठेवलं आणि घड्याळ लावलं. आधी आजूबाजूच्यांना सांगायचं, पेपर टॉवेल टाकायचा, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीचसारखं जंतुनाशक) बाहेरून आत ओतायचं, मग ३० मिनिटं थांबायचं, आणि हे थांबणंच सगळ्यांना जड जातं, लगेच पुसायला हात जातो. सेंट्रीफ्यूजमध्ये (ट्यूब गरगर फिरवणाऱ्या मशीनमध्ये) ट्यूब फुटल्याची शंका आली तर झाकण ३० मिनिटं उघडायचंच नाही हे पण तिथेच करून घेतलं. ग्लोव्हज काढायची प्रॅक्टिस चमकणारी पावडर लावून घेतली, नंतर यूव्ही टॉर्च मारला तर बऱ्याच जणांची मनगटं चमकत होती.

ट्रेनरने चीनमधल्या लानचौचं उदाहरण दिलं. २०१९ मध्ये तिथल्या जनावरांच्या लसीच्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं, ब्रुसेलाचे (जनावरांतून माणसांत येणाऱ्या आजाराचे) जंतू मेले नाहीत, हवेतून बाहेर गेले आणि हजारो लोकांना लागण झाली. एक एक्स्पायरी डेट, बस. म्हणून हायपो रोज ताजं करायचं आणि बाटलीवर तारीख लिहायची ही कटकट नाही हो.

आता जे खटकलं ते. पहिला अर्धा दिवस बीएसएल फोर (बीएसएल म्हणजे लॅबच्या बायोसेफ्टीची पातळी, एक ते चार, चार सगळ्यात कडक), इबोला, स्पेससूट यांच्या स्लाइड्स. पुण्याच्या एनआयव्हीमध्ये (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) देशातली पहिली बीएसएल फोर लॅब आहे, अभिमान आहेच, पण हॉलमधले जवळपास सगळे बीएसएल टू मध्ये काम करणारे होते. तो वेळ ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या मशीनला) द्यायला हवा होता. १२१ डिग्री, १५ पाउंड प्रेशर हे पाठ सगळ्यांनाच असतं, पण पिशवी ठासून भरली तर वाफ मधोमध पोचतच नाही, आणि पिशवीवरच्या नुसत्या टेपचा रंग बदलला म्हणजे जंतू मेले असं नसतं, त्याला स्पोअर टेस्ट (चिवट जंतूंचे बीजाणू आत ठेवून ते मेले का बघणं) लावावी लागते, हे सगळं दोन स्लाइडमध्ये उरकलं. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांप्रमाणे मायक्रोचा कचरा लॅबमध्येच आधी निर्जंतुक करून मग कचऱ्याच्या गाडीला द्यायचा असतो, म्हणजे ऑटोक्लेव्ह कच्चा तर पुढचं सगळंच कच्चं.

दुसरं, परीक्षा. शेवटच्या तासाला प्रश्नांची उत्तरं आधी चर्चेत घेतली आणि मग तोच पेपर दिला, सगळे पास. सर्टिफिकेटवर मोठ्या अक्षरात ‘सर्टिफाइड’. फ्रेशर मुलांनो इथे नीट लक्ष द्या, कोर्सला हजर होतात याचा कागद वेगळा आणि प्रोफेशनल सर्टिफिकेशन वेगळं. आयएफबीए म्हणजे बायोसेफ्टी संघटनांची आंतरराष्ट्रीय फेडरेशन, त्यांचं बायोरिस्क मॅनेजमेंटचं सर्टिफिकेशन स्वतंत्र परीक्षा देऊन मिळतं आणि ते झाल्यावरच कॅबिनेट, कचरा वगैरे पुढचे विषय घेता येतात. अमेरिकेतल्या एबीएसए या बायोसेफ्टी संघटनेचं सीबीएसपी हे सर्टिफिकेशन पण परीक्षेशिवाय नाही. तीन दिवसांत कुणी ‘बायोसेफ्टी ऑफिसर’ करून देतो म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे की काचसामान धुणाऱ्या मावशी आणि पिशव्या उचलणारे मामा यांच्यासाठी काहीच नाही. सुई त्यांनाही टोचते आणि कोर्स मात्र इंग्रजीत, डिग्रीवाल्यांसाठी. आम्ही आग्रह धरला तेव्हा ट्रेनरने स्पिलचा भाग मराठीत परत घेतला आणि खरं सांगते, प्रश्नांचा पाऊस पडला, दोन दिवस गप्प बसलेले टेक्निशियन बोलायला लागले. मराठीतला एक दिवसाचा वेगळा वर्ग काढा असं मी फीडबॅकमध्ये लिहून दिलंय.

फी जेवणासकट आठ-नऊ हजाराच्या घरात. हॉस्पिटल भरत असेल तर नक्की जा, स्वतःच्या खिशातून भरणार असाल तर आधी फोन करून विचारा: चालू कॅबिनेट आहे का, एका कॅबिनेटवर किती जण, ऑटोक्लेव्ह प्रत्यक्ष चालवून दाखवता का. स्लाइड्स आहेत असं उत्तर आलं तर राहू द्या.