‘काम सुरू झाल्यावर ३० टक्के’ : जुना फ्लॅट दुरुस्त करून घेताना झालेली फसवणूक

जुना फ्लॅट विकत घेऊन, नीट करून भाड्याने द्यायचा विचार असेल तर हे जरूर वाचा. आमच्या दादाचे साडेतीन लाखांहून जास्त रुपये यात अडकले आहेत, आणि ज्या पद्धतीने ते काढून घेतले गेले ती पद्धत सर्रास चालते.

फ्लॅट पुण्यातल्या कर्वेनगरमधला, जुन्या सोसायटीतला वन बीएचके. आसपास कॉलेजं, त्यामुळे भाडेकरू मिळायला अडचण नाही. कर्जाचा निम्मा हप्ता तरी भाड्यातून सुटेल असा दादाचा हिशोब होता. ओळखीतून एक ठेकेदार आला. ‘साहेब, स्वतःचं घर समजून करतो, काळजीच करू नका’ म्हणाला आणि व्हॉट्सॲपवर एका पानाचं कोटेशन पाठवलं : किचन ट्रॉलीसह १,४०,०००, बाथरूम-संडास कम्प्लीट १,१०,०००, फरशी ९५,०००, लाइट फिटिंग ५५,०००, रंग ५०,०००. एकूण साडेचार लाख. खाली पैशांच्या अटी : ५० टक्के ॲडव्हान्स, ३० टक्के काम सुरू झाल्यावर, २० टक्के काम संपल्यावर.

खरी मेख त्या मधल्या हप्त्यात होती. दोन मजूर आले, जुनी फरशी आणि ओटा फोडला, झालं काम सुरू. त्याच संध्याकाळी त्याने पैसे मागितले. म्हणजे ३,६०,००० रुपये त्याच्या खात्यात आणि घरात नुसता राडारोडा. त्याला अजून मिळायचे होते फक्त ९०,०००, आणि करायचं होतं सगळंच काम. असा माणूस तुमच्या कामावर कशाला येईल? आमचे पैसे त्याने दुसऱ्या साइटच्या मालासाठी फिरवले, हे पुढे त्याच्याच सुताराने सांगितलं.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. सुतार गावाला गेलाय, टाइल्सची गाडी अडकली, प्लंबर आजारी. राडारोड्याची पोती पार्किंगमध्ये पडून राहिली आणि सोसायटीची नोटीस आली ती दादाला, कारण सोसायटी ठेकेदाराला ओळखत नाही, फ्लॅटमालकाला ओळखते.

बाथरूम फोडून ठेवल्यावर त्याने सांगितलं की ‘कम्प्लीट’मध्ये वॉटरप्रूफिंग धरलेलं नाही, त्याचे ३५,००० वेगळे, तेही रोख. फोडलेल्या बाथरूमला दुसरा मिस्त्री सहसा हात लावत नाही. ही कोंडी हे लोक जाणूनबुजून करतात. पैसे दिले, टाइल्स बसल्या. काही दिवसांतच खालच्या काकूंनी बोलावून छत दाखवलं, बल्बच्या होल्डरभोवती ओल पसरली होती. एका सिव्हिल इंजिनिअरना बोलावून त्यांच्यासमोर टाइल उचलायला लावली. खाली सिमेंटचा पातळ थर, आणि त्याखाली आमच्याच जुन्या पिवळ्या टाइल्सचे तुकडे, माती आणि सिमेंटच्या गोणीची फाटकी चिंधी. ब्रिकबॅट कोबा (पाणी झिरपू नये म्हणून विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) नाही, वॉटरप्रूफिंगच्या केमिकलचा एकही हात नाही. ३५,००० रुपये घेऊन त्याने तिथे आमचाच राडारोडा भरला होता. हे पाहून दादाचा चेहरा जो उतरला, तो आठवला की अजूनही संताप येतो.

किचनमध्येही तेच. कोटेशनमध्ये ‘वॉटरप्रूफ प्लाय’ एवढंच होतं. पहिल्या दिवशी त्याने आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेली शीट दाखवली, ती मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारी. सिंकखालचं कपाट फुगल्यावर लॅमिनेट सोलून पाहिलं तर आत पाण्यात न टिकणारा साधा कमर्शियल प्लाय.

उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेतलं तेव्हा करार असा केला की पैसे नेहमी कामाच्या मागे राहतील. ॲडव्हान्स १० टक्के. त्यापुढचा प्रत्येक हप्ता डोळ्यांनी तपासता येईल अशा कामाला बांधलेला. बाथरूमचा हप्ता केव्हा? वॉटरप्रूफिंगनंतर, टाइल्स लावण्याआधी, ४८ तास पाणी भरून ठेवून खालचं छत कोरडं राहिलं तर. प्लायची जाडी, ग्रेड आणि कंपनी लिहिलेली. लॅमिनेट चढवण्याआधी शिक्के दाखवायचे. गिझरच्या पॉइंटला चार चौरस मिलिमीटरची वायर, हेसुद्धा लिहिलेलं. रंगाच्या चौरस फुटांतून दारं-खिडक्या वजा. लेखी दर ठरल्याशिवाय एकही जादा काम नाही. राडारोडा उचलणं त्याच्याकडे. उशीर झाला तर दर आठवड्याला ठरलेली कपात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ अशा आधी ठरवलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. आणि ५ टक्के रक्कम एक पावसाळा पार पडेपर्यंत आमच्याकडे. हे ऐकून दोन ठेकेदार आले तसे परत गेले. तिसऱ्याने सही केली आणि काम नीट केलं.

पक्क्या बिलाचा आग्रह सोडू नका. ‘बिल घेतलंत तर १८ टक्के जीएसटी वर पडेल’ असं आम्हालाही सांगितलं गेलं. पण फ्लॅट विकताना भांडवली नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा करायचा तर पुरावा लागतो. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीचा खर्च त्यावर वेगळा धरत नाहीत, म्हणून विकतानाच्या वजावटीसाठी ही बिलं जपायलाच हवीत.

पोलिसांनी ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून हात वर केले. दादाने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. तिथे समोरच्या वकिलाचं उत्तर आलं की फ्लॅट भाड्याने द्यायचा होता, हेतू व्यावसायिक, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा वगळलेली आहे हे खरं, पण नोकरदार माणसाचा एकुलता एक भाड्याचा फ्लॅट म्हणजे धंदा होतो का, यावर आता वाद चालू आहे. गुंतवणुकीसाठी घर घेणाऱ्यांनी या आक्षेपाची तयारी आधीच ठेवावी.

जे अडकले आहेत त्यांनी थांबू नये. ग्राहक आयोगातली तक्रार, तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. रोख दिलेल्या ३५,००० चा आमच्याकडे एकच पुरावा आहे, ठेकेदाराचा ‘मिळाले’ असा व्हॉट्सॲप मेसेज. दुसऱ्या मिस्त्रीने हात लावण्याआधी तारखेसह फोटो, व्हिडिओ आणि इंजिनिअरचा मोजमापांसह सही-शिक्क्याचा अहवाल घेऊन ठेवा. नवं काम वर चढलं की खाली काय भरलं होतं ते दाखवता येत नाही.