ओल्ड स्कूल रुनस्केप: पोळ्यापासून हरभऱ्यापर्यंत खेळून झाल्यावर

पोळ्याच्या सुमारास हा गेम, एकाच जगात पुष्कळ जण ऑनलाइन खेळतात तसला, फोनमध्ये टाकला, आता हरभरा सोंगणीला आलाय. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. रोही आणि रानडुकरांपायी रात्री जागलीला जावंच लागतं, त्यामुळे बहुतेक खेळ मचाणावर बसून झालाय.

आधी नेटचं सांगतो, कारण खेड्यातल्या माणसाला तेच पहिलं विचारायचं असतं. आमच्या शिवारात टॉवर कसंबसं येतं. गावातले पोट्टे बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतात, पण तिथं जरा अडकलं की माणूस मेलाच. इथं सर्व्हर दर 0.6 सेकंदाला एकदा हिशेब करतो, त्याला टिक म्हणतात. म्हणून मासे धरणं, झाडं तोडणं, खाणीत खोदणं कमजोर नेटवरही निभून जातं. मोठ्या बॉसशी, म्हणजे तगड्या शत्रूशी, लढायचं असेल तर मात्र गावात, घरच्या वायफायवर बसा.

पण मी टिकलो तो या जगाच्या वाढण्यामुळे. मूळ रुनस्केप 2001 चा. 2012 च्या नोव्हेंबरात जॅगेक्स कंपनीनं लढाईची पद्धतच मुळापासून बदलली आणि पुष्कळ जुने खेळाडू सोडून गेले. मग फेब्रुवारी 2013 मध्ये ऑगस्ट 2007 ची जपून ठेवलेली प्रत काढून हा ओल्ड स्कूल सुरू केला. तेव्हापासून जगात मोठं काही नवं आणायचं तर खेळाडूंचं मत घेतात. आधी 75 टक्के होकार लागायचा, 2022 पासून 70. वॉर्डिंग नावाचं नवं कौशल्य 2019 मध्ये मतदानात पडलं, तेही निम्म्याहून जास्त लोक बाजूनं असताना! हे मला फार आवडलं. थोडक्यात जिंकलेलं मत इथं पुरत नाही, कारण एकदा आणलेली गोष्ट सगळ्यांच्या जगात राहणार असते.

आलेल्या गोष्टीही तशाच पडून राहत नाहीत. ग्रेट कोरेंड हा मुलूख 2016 मध्ये आला, तिथं लोकांची मर्जी मिळवायला तासन् तास तेच ते काम करावं लागायचं. 2024 मध्ये ते काढून टाकलं. त्याच वर्षी वार्लामोर हा नवा मुलूख जोडला. नवा खेळाडू जिथून सुरुवात करतो तो लंब्रिजचा वाडा मात्र जिथल्या तिथं. वर्षांनी परतलेल्या माणसालाही रस्ता सापडतो.

नोव्हेंबर 2025 मध्ये सेलिंग, म्हणजे नाव चालवायचं कौशल्य, आलं, ते मी खेळत असतानाच. मूळ खेळात हंटर हे शिकारीचं कौशल्य 2006 मध्ये आलं होतं, त्यानंतर ओल्ड स्कूलला मिळालेलं हे पहिलं नवं कौशल्य. तोवर समुद्र म्हणजे नकाशावरची निळी जागा होती. पोर्ट सॅरिम बंदरावर 30 नाणी दिली की जहाज करामजा बेटाला सोडायचं, मधलं पाणी कुणाला ओलांडता यायचं नाही. आता त्याच पाण्यात स्वतःची नाव घालता येते, वाटेत बेटं लागतात. नवी जमीन नकाशाच्या कडेला चिकटवण्यापेक्षा जुन्याच नकाशातली बंद जागा उघडली, ही मला सगळ्यात हुशारीची वाढ वाटते. ती रात्र कधी सरली कळलं नाही. कपाशी वेचणीचे दिवस होते, सकाळी आईनं हाका मारून उठवलं.

खटकतं तेही सांगतो. मतदान आणि सेलिंग दोन्ही पैसे भरणाऱ्या सदस्यांनाच. फुकट खेळणाऱ्याला जुना मध्यभागच मिळतो, तो सुंदर आहे, पण वाढणारं जग त्याच्या पलीकडे राहतं. खेळातलं सोनं जमवून बाँड (सदस्यत्व देणारी खेळातलीच वस्तू) घेतला तर 14 दिवसांचं सदस्यत्व मिळतं, पण नव्या माणसाला तेवढं सोनं जमवणं जड जातं. शिवाय काही बदल कंपनी मत न घेता करते. खेळाचा तोल राखायला ते लागतात हे पटतं, तरी आधी नीट समजावून सांगावं असं वाटतं. क्वेस्टमधले, म्हणजे गोष्टीच्या मोहिमांमधले, संवाद मी इंग्रजीतच वाचतो, आणि लहान स्क्रीनवर त्या अक्षरांनी डोळे दुखतात.

घाई असलेल्यानं यात पडू नये. एखाद्या कौशल्यात 99 ही शेवटची लेव्हल गाठायला लागणाऱ्या अनुभवगुणांपैकी निम्मे 92 ला पोचल्यावर होतात. आधी फुकटात महिनाभर खेळा, करामजापर्यंत फिरून या, आणि मगच सदस्यत्वाचा विचार करा.