शियानच्या रोषणाईत हानफू घालून फिरायचं असेल तर हे वाचा

चीनमधल्या शियानला लोक टेराकोटाची फौज बघायला जातात, ती बघाच, पण एक अख्खी संध्याकाळ दातांग बुयेचंग या रोषणाईच्या रस्त्यासाठी राखून ठेवा आणि तिथे जीन्स-टीशर्टवर जाऊ नका, हानफू, म्हणजे पारंपरिक चिनी पोशाख, भाड्याने घेऊनच जा. मला विचाराल तर त्या रस्त्यावरचे दिवे आणि त्या रस्त्यावरचे कपडे एकमेकांसाठीच आहेत.

मेट्रोच्या 3 किंवा 4 नंबरच्या लाइनने दायेनता स्टेशनला उतरायचं. आजूबाजूला हानफू भाड्याने देणारी दुकानं भरपूर, बरीचशी बिल्डिंगच्या वरच्या मजल्यांवर, त्यामुळे खालून पटकन दिसत नाहीत. मी गेले होते तिथे ड्रेस, मेकअप आणि केस मिळून साधारण दोनशे युआन झाले. शियान म्हणजे जुनं चांगआन, तांग राजवटीची (618 ते 907) राजधानी, म्हणून इथे जास्त चालतो तो तांग धाटणीचा ड्रेस, म्हणजे थेट छातीवर बांधायचा लांब घेरदार स्कर्ट, वर पातळ झिरझिरीत कुडतं आणि हातांवरून सोडलेली लांब ओढणी. बांधताना दुकानातल्या ताईला सांगा की नाडी घट्ट ओढ, कारण चालता चालता तो खाली सरकतो आणि मग रात्रभर सावरतच बसावं लागतं.

मेकअपवाल्या मुलीचं काम मात्र एक नंबर! खोट्या केसांचे अंबाडे पिनांनी इतके पक्के बसवले की मान हलवली तरी ढिम्म. मग अगदी बारीक ब्रशने भुवयांच्या मधोमध लाल फुलाची नक्षी काढली, त्याला हुआदिएन म्हणतात, आपल्या चंद्रकोरीसारखीच पण पाकळ्या पाकळ्यांची, आणि हे करताना तिने श्वाससुद्धा रोखून धरला होता. पाकळीची कड जरा जाड झाली तर कापसाच्या काडीने पुसून परत काढली. गर्दीच्या वेळी एवढं मन लावून कोण करतं हो?

आता सगळ्यात महत्त्वाचं, रंग. रॅकवर फिकट निळा फार गोड दिसतो, पण बाहेरची रोषणाई बहुतेक सोनेरी-पिवळी आहे, छपरांच्या कडांना दिवे, झाडांना दिवे, तांग काळातल्या कविता लिहिलेले दिवे, आणि त्या उजेडात फिकट निळा मळकट राखाडी दिसतो. लाल, केशरी, हिरवा घ्या, कापड आतून पेटल्यासारखं दिसतं. मी लाल-हिरवा घेतला होता आणि त्याबद्दल मी भयंकर खूश आहे.

रस्ता दोनेक किलोमीटर लांब आहे, सुरुवातीलाच ह्युएनत्संगाचा पुतळा, तोच आपल्या शाळेच्या पुस्तकातला, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला, आणि त्याच्यामागे त्याने आणलेल्या ग्रंथांसाठी 652 साली बांधलेला दायेनता पॅगोडा. तिथून पुढे माणसंच बघत राहावीत. लांब स्कर्टखाली स्पोर्ट्स शूज घातलेल्या पोरी, गोल गळ्याचे पुरुषी झगे घालून रुबाबात चालणाऱ्या पोरी (तांग काळातही बायका पुरुषी कपडे घालायच्या, तेव्हा हे काही आजचं फॅड नाही), नातीबरोबर नटलेल्या आज्या. काही जणी मामिएनछ्युन घालतात, पुढेमागे सपाट आणि बाजूंना चुण्या असलेला, नंतरच्या मिंग राजवटीच्या धाटणीचा स्कर्ट, तो तर रोजच्या शर्टावरही चालतो. 2003 साली झेंगझौ या चिनी शहरात एक माणूस हानफू घालून रस्त्यावर फिरला तेव्हा त्याची बातमी झाली होती, आणि आज इथे साध्या कपड्यातला माणूसच वेगळा दिसतो. हे बघून मला खरंच भरून आलं.

नाराजी एकच, फोटोचं पॅकेज. फोटोग्राफर चांगला होता, सोबत हातात लाइट धरणारा पोरगाही होता, पण ठरलेल्या पैशात रीटच केलेले फोटो मोजकेच मिळतात आणि बाकीच्या प्रत्येक फोटोचे वेगळे पैसे, हे मला शेवटी सांगितलं. चांगल्या केसांच्या पिनांचंही तसंच, वरच्या ट्रेमधल्या पिना जास्त पैशांच्या निघाल्या. म्हणून सुरुवातीलाच ट्रान्सलेशन ॲपवर टाइप करून विचारा, किती फोटो, कुठल्या पिना, ड्रेस किती वाजेपर्यंत परत द्यायचा, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. सोबत फोटो काढणारं कोणी असेल तर पॅकेज घेऊच नका, दिव्यांचा उजेड एवढा आहे की मोबाइलवरही मस्त येतात. अलीपे हे चिनी पेमेंट ॲप आधीच सुरू करून ठेवा, भाडं त्यावरच द्या आणि फोनची बॅटरी संपली तर जागोजागी पॉवरबँकही त्यावरच भाड्याने मिळते.