बदलीचा भत्ता आणि ट्रकवाला: दोघांचाही रिव्ह्यू

आमचे हे तोफखान्यात हवालदार आहेत. पोस्टिंग आलं की कॅन्टोन्मेंटमधल्या नव्या सुना पहिला प्रश्न हाच विचारतात, "वहिनी, किती मिळतात हो?" दर वेळी सगळं तोंडाने सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. सरकारच्या भत्त्याचाही रिव्ह्यू आणि सामान नेणाऱ्या पॅकर्सवाल्याचाही. पॅकर्सवाल्याचं नाव टाकत नाही, कारण सगळे थोड्याफार फरकाने तसलेच असतात.

आधी चांगलं सांगते. बदली झाली की मूळ वेतनाच्या 80 टक्के रक्कम एकरकमी मिळते. क्लार्क लोक तिला सीटीजी, म्हणजे कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट म्हणतात. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै 2017पासून हा हिशेब आहे. अंदमान-निकोबार किंवा लक्षद्वीपला जायचं असेल किंवा तिथून यायचं असेल, तर पूर्ण 100 टक्के. या पैशाला पावती लागत नाही. पडदे घ्या, नाहीतर नळाला फिल्टर बसवा, कोणी विचारत नाही. 2021 साली आम्ही पुण्याहून नाशिकजवळच्या देवळालीला आलो तेव्हा हे नाईक होते, मूळ वेतन 28,700. म्हणजे 22,960 रुपये. आगाऊही उचलता येतात. फक्त नंतर क्लेम वेळेत गेला पाहिजे, नाहीतर पगारातून कापून घेतात. या एका गोष्टीला मी पाचपैकी पाच देते.

सामानाच्या भाड्याचं मात्र गणित विचित्र आहे. ते किलोमीटरवर मिळतं. पगाराच्या लेव्हल चारपर्यंत, म्हणजे शिपाई आणि नाईक, 1500 किलो सामान आणि किलोमीटरला 15 रुपये. हवालदार लेव्हल पाच, त्याला 3000 किलो आणि 25 रुपये. नायब सुभेदारापासून वर 6000 किलो आणि 50 रुपये. हे 2017चे दर. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की दर पाव हिश्शाने वाढतात, आणि जानेवारी 2024मध्ये तो 50 टक्क्यांवर गेला.

आता पुणे ते देवळाली धरा, साधारण 210 किलोमीटर. पंधराने गुणलं की 3,150 रुपये. एवढ्यात पुण्यातून टेम्पो आणून दाखवा! पॅकिंग तेच, हमाल तेच, तिसऱ्या मजल्यावरून कपाट उतरवणं तेच. गाडी नाशिकला जाते की पंजाबला, याच्याशी त्या कपाटाला काय देणंघेणं? आमचे 14,000 गेले. वरचे 10,850 कुठून आले? त्याच सीटीजीतून. म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने ट्रकवाल्याला. जवळच्या बदलीत जवानाला खिशातून घालावे लागतात, हे मी कुठल्याही मोठ्या साहेबांसमोर सांगायला तयार आहे. किलोमीटरच्या दराखाली एक किमान रक्कम ठेवायला काय हरकत आहे?

लांबच्या बदलीत उलटं होतं. 2025च्या मे महिन्यात देवळालीहून जालंधरला आलो. अंतर साडेसोळाशेच्या आसपास, हे तोवर हवालदार. वाढलेला दर 31 रुपये 25 पैसे, म्हणजे मर्यादा साधारण 51,500. पॅकर्सवाल्याने 48,000 सांगितले. मिळतं ते प्रत्यक्ष खर्च आणि मर्यादा यांतलं जे कमी असेल ते, म्हणून आम्हाला 48,000 मिळाले. तो मात्र खुर्चीत बसून चहा पिता पिता म्हणतो, "साहेब, बिल कितीचं बनवू? एक्कावन्नचं करतो, वरचे अर्धे अर्धे." ह्यांनी चहाचा कप त्याच्या हातातून काढून घेतला. त्यानंतरही त्यालाच काम दिलं, कारण मे महिन्यात सगळ्या छावणीच्या बदल्या एकदम निघतात आणि दुसरा कोणी तारीख द्यायला तयार नव्हता.

पॅकिंग छान केलं, खोटं बोलणार नाही. काचेची भांडी एकेक कागदात, टीव्हीला थर्माकोल. आमच्या काळ्या पेट्या त्याच्या पोरांनी बघितल्या आणि म्हणाले, "याला काय बांधायचं?" खरंच आहे. पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. आमच्या एका पेटीवर 'नाईक' खोडून 'हवालदार' लिहिलंय, खालचं जुनं अक्षर अजून दिसतं. त्या पेट्यांना काही होत नाही. झालं ते फ्रिजला. ठरलं होतं एकच गाडी थेट, पण वाटेत दिल्लीच्या बाजूला कुठेतरी माल दुसऱ्या ट्रकमध्ये टाकला आणि फ्रिजचं दार चेपलं. विचारलं तर "मॅडम, रस्ता खराब होता." जालंधरला ट्रक उभा राहिला आणि हमालांनी वारई मागितली, ठरलेल्या हमालीच्या वर. न देऊन काय करता, सामान ट्रकमध्ये अन् आपण रस्त्यावर.

बिल्टी (ट्रकवाल्याची मालाची पावती), जीएसटीचं बिल आणि पैसे दिल्याची पावती या तीन गोष्टी हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आमच्या शेजारच्या भाभीकडे बिलावर गाडीचा नंबर नव्हता, तर क्लेम परत आला.

आणि गाडी. लेव्हल पाचपर्यंत फक्त दुचाकी नेण्याचा खर्च मिळतो. मोटारगाडी नेण्याचा खर्च नायब सुभेदारापासून पुढे. आम्ही जुनी अल्टो घेतली होती, ती ह्यांचा भाऊ चालवत घेऊन आला, पेट्रोल-टोल सगळं आमचं. आजकाल शिपायाकडेही चारचाकी असते हे नियम करणाऱ्यांच्या गावीही नाही. आम्ही स्वतः रेल्वेने आलो, थर्ड एसीच्या वॉरंटवर, म्हणजे सरकारी खर्चाच्या तिकिटावर, त्याबद्दल तक्रार नाही.

शाळेचा खर्च तर यात कुठे धरलेलाच नाही. केंद्रीय विद्यालयात बदलीवाल्यांच्या मुलांना प्रवेशात प्राधान्य असतं, पण थोरल्याच्या वर्गात जागा नसल्याने त्याला खासगी शाळेत घातलं. नवी पुस्तकं, नवा गणवेश आणि पंजाबी विषय सुरू झाला म्हणून शिकवणी. सीटीजीतले उरलेले पैसे तिथेच संपले. माझं माहेर साताऱ्याकडचं अपशिंगे मिलिटरी गाव, घरोघरी फौजी. आई म्हणते, तुझ्या बापाच्या वेळी एक होल्डॉल आणि एक पेटी, भत्त्याचं नाव कोण घेतं? तिला वॉशिंग मशीन कसं न्यायचं ते विचारलं की गप्प बसते.

भत्त्याला साडेतीन तारे. जवळच्या बदलीचा दर सुधारला तर चार. पॅकर्सवाल्याला दोन, तेही पॅकिंग करणाऱ्या पोरांसाठी. फ्रिजचे पैसे अजून दिलेले नाहीत, फोन केला की "मॅडम, पुढच्या आठवड्यात."