टोकांना तांबं, मध्ये ॲल्युमिनियम: गॅरेजच्या वायरिंगमध्ये कसं फसवलं गेलं

गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर, कॉम्प्रेसर आणि अधूनमधून वेल्डिंग चालेल अशी लाईन हवी होती. ठेकेदाराने सगळं लेखी दिलं: मेन बोर्डापासून स्वतंत्र लाईन, 6 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाईन तोडणारा स्विच), नवं अर्थिंग, आणि वीज कंपनीकडून मंजूर भार (जोडणीवर जास्तीत जास्त किती वीज वापरायची परवानगी आहे तो आकडा) वाढवून आणण्याची जबाबदारी. काम झालं तेव्हा बोर्ड बघत राहावा असा होता. एकही वायर वाकडी नाही, प्रत्येक एमसीबीवर (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) छापील लेबल.

चार्जर लागला की तासाभरात एमसीबी पडायचा. ठेकेदार आला, हसत म्हणाला, "मोठा टाकून देतो," आणि 40 अँपिअरच्या जागी 63 चा बसवून गेला. हे वाक्य कानावर पडलं की काम तिथेच थांबवा. एमसीबी वायरीला जपण्यासाठी असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर तो पडायच्या आधी वायर जळते.

मग दारावरच्या रंग मारलेल्या भागातून गरम प्लास्टिकचा वास येऊ लागला. दुसऱ्या वायरमनला बोलावलं. त्याने आधी काही उघडलं नाही, फक्त मोजलं. चार्जर 32 अँपिअरवर चालू असताना मेन बोर्डावर व्होल्टेज जेमतेम 3 ने उतरत होतं, चार्जरपाशी मात्र 16 ने. म्हणजे मधल्या पंचवीसेक मीटरमध्ये 13 व्होल्ट गायब. एवढ्या अंतरात 6 चौरस मिलिमीटर तांब्यावर साधारण 5 व्होल्ट जातात.

रंगाखाली जंक्शन बॉक्स सापडला. बोर्डात आणि चार्जरपाशी दिसणारी वायर खरी होती, कंपनीचं नाव छापलेली. पाईपच्या आत तिला दुसरी जोडली होती: 4 चौरस मिलिमीटरची, ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली. चाकूने खरवडल्यावर आत पांढरा धातू निघाला. ॲल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम 60 टक्के वीज वाहून नेतं, शिवाय जोडावर ऑक्साइडचा थर धरतो, जोड सैल होतो, तापतो. इन्सुलेशन काळं पडून ठिसूळ झालं होतं. तांबं ओळखायला चुंबक लावा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. वजन बघा. तांब्याची घनता 8.96, ॲल्युमिनियमची 2.7, अख्खं बंडल हातात घेतलं की फरक लगेच कळतो. आम्हाला दाखवलेलं बंडल जड होतं. ओढलं गेलं ते वेगळं.

मला सर्वात जास्त राग अर्थिंगचा आहे, कारण तिथे वाचलेले पैसे किरकोळ आणि धोका जिवाचा. बाहेर खड्डा, त्यावर झाकण, हिरवी वायर आत गेलेली. झाकणाखाली वायर मातीत नुसती खुपसलेली, जमिनीत पुरायचा धातूचा इलेक्ट्रोडच नाही. आणि सॉकेटच्या मागे अर्थची पिन एका तुकड्याने न्यूट्रलला जोडलेली. त्यामुळे तीन दिव्यांचा टेस्टर "सगळं ठीक" दाखवत होता. टेस्ट बटण दाबलं की आरसीसीबीही पडत होता, पण ते बटण आतली यंत्रणा तपासतं, अर्थिंग आहे की नाही ते नाही. न्यूट्रल कुठे सुटली असती तर कॉम्प्रेसरच्या लोखंडी अंगात थेट फेज उतरला असता. वायरमनने मेन बंद करून सॉकेटकडे जाणाऱ्या न्यूट्रल आणि अर्थ या दोन्ही वायरी बोर्डात सोडवल्या आणि मल्टिमीटर लावला; दोघींत तरीही कंटिन्युइटी (म्हणजे आतून जोडणी) दिसली, तेव्हा हा प्रकार उघड झाला.

राहिला मंजूर भार. बिलावर जुनाच आकडा होता. वीज कंपनीकडे विचारलं, तर अर्जच आलेला नव्हता. अर्जाच्या नावाखाली त्याने रोख घेतलेल्या रकमेची पावती मागितली की "ऑनलाईन भरली" एवढंच उत्तर मिळायचं. अर्ज ज्याच्या नावावर मीटर आहे त्याने स्वतः भरावा, नाहीतर निदान अर्ज क्रमांक हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ठेकेदाराने आधी दुकानदारावर ढकललं, नंतर फोन उचलणं बंद केलं. पाईप बुजवण्याआधीचे फोटो मी मागितले होते. त्याने पाठवलेले फोटो दुसऱ्याच घराचे निघाले, भिंतीच्या विटा जुळत नाहीत. ते फोटो, लेखी कोटेशन, नव्या वायरमनच्या मोजमापांचा कागद आणि कापून ठेवलेला वायरीचा तुकडा असं सगळं तक्रारीला जोडलं आहे. नवी लाईन ओढून झाली आहे, भार वाढवण्याचा अर्ज मी स्वतः भरला आहे. तो मंजूर होईपर्यंत चार्जर 10 अँपिअरवरच चालवतो.