२ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर: गोव्यातल्या घराला पुरतो का?

पुरतो, पण विहिरीचा पंप सोडून. सत्तरीत काय, पेडण्यात काय, जनरेटर घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात पहिला असतो तो पंप, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. १ एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) पंप चालताना हजार-अकराशे वॅट खातो आणि हा आकडा या यंत्राच्या आवाक्यातला वाटतो. पण सुरू होण्याच्या क्षणी मोटर याच्या तिप्पट ते पाचपट करंट मागते. तेवढा मिळाला नाही की पंप फिरत नाही, नुसता घुमतो. लगेच बंद केला नाही तर मोटरचं वाइंडिंग जळू शकतं. असा पंप चालवायचाच असेल तर ४-५ केव्हीएचं (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप) यंत्र लागतं, आणि ते एकट्याने उचलून नेता येत नाही. त्यापेक्षा पावसाचा रंग दिसला की वरची टाकी भरून ठेवणं हा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

इथे विचार केला आहे तो पेट्रोलवर चालणाऱ्या, बंद पेटीच्या इन्व्हर्टर यंत्रांचा: वजन २०-२२ किलो, टाकी साडेतीन-चार लिटरची, सलग क्षमता १६०० ते १८०० वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा कमाल क्षमतेचा असतो आणि ती थोडाच वेळ मिळते. हिशेब करायचा तो ‘रेटेड’ म्हणजे सलग मिळणाऱ्या आकड्यावर. फ्रिज चालताना १०० ते १५० वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर ६०० ते १००० वॅट ओढतो. पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅट, एलईडी दिवा ९ वॅट, वायफायचा राउटर १० वॅट, मिक्सर ५०० ते ७५० वॅट. हे सगळं सुखाने चालतं. फक्त फ्रिज आणि मिक्सर एकाच क्षणी सुरू करू नयेत. गीझर, इस्त्री आणि एसी यांना हात लावायचा नाही.

बाजारात उघड्या सांगाड्याचा एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं साधन असलेला) जनरेटरही मिळतो आणि तो बराच स्वस्त असतो. त्याचं इंजिन लोड असो वा नसो, मिनिटाला ३००० फेरे घेतच राहतं. त्यामुळे रात्री चार दिव्यांसाठीही पूर्ण आवाज आणि जादा पेट्रोल. शेतावर किंवा बांधकामावर तो चालेल, वाड्यावर शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरात नको. इन्व्हर्टर प्रकारात लोड कमी झाला की इंजिन मंदावतं. पाव लोडवर तासाला अर्ध्या लिटरहून थोडं कमी पेट्रोल लागतं, पूर्ण लोडवर लिटरभर तरी जातं. यातल्या इको स्विचबद्दल (लोड कमी असताना इंजिन मंद ठेवणारा तो) एक गोष्ट बरेच दुकानदार सांगत नाहीत: मोठा लोड लावण्याआधी तो बंद करायचा. मंद इंजिनाला वेग घ्यायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात ओव्हरलोडचा लाल दिवा पेटतो.

तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, कित्येक गावं लागोपाठ दोन-दोन दिवस अंधारात होती. अशा वेळी रात्रभर जनरेटर चालवणं म्हणजे पेट्रोल जाळणं. दार बंद ठेवलेला फ्रिज साधारण चार तासच थंडावा धरतो, तेव्हा नासणारं फार काही त्यात ठेवू नये. तरीही सकाळी दीड-दोन तास, संध्याकाळी दीड-दोन तास, आणि त्याच वेळात घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चार्जिंगला, ही पद्धत योग्य. मात्र बॅटरीकडून फार अपेक्षा ठेवू नये. १५ अँपिअरने तीन तास चार्ज केलं तर ४५ अँपिअर-तास आत जातात. तूट वजा जाता हाती येते ती ४०० वॅट-तासांच्या आसपास वीज. दोन साधे पंखे आणि दोन दिवे त्यावर अडीच तासही चालत नाहीत. तेच पंखे बीएलडीसी असतील तर पाच तास निघतात. जनरेटरवर पैसे घालण्याआधी पंखे बदलावेत, असं म्हणावंसं वाटतं ते यामुळेच. एव्हीआर जनरेटर असेल तर घरचा इन्व्हर्टर कधी कधी त्याची वीज घेतच नाही; मागच्या बाजूचा स्विच ‘यूपीएस’वरून ‘नॉर्मल’वर केला की बहुधा काम होतं.

आता खरा प्रश्न, जो कोणत्याच माहितीपत्रकात धड मांडलेला नसतो: धो धो पावसात हे यंत्र ठेवायचं कुठे? पेटी बंद असली तरी ती पाण्यापासून सुरक्षित नाही. म्हणून लोक ते पडवीत आणतात, बाल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) ठेवतात, गाडीच्या शेडमध्ये शटर अर्धं ओढून चालवतात. यातली प्रत्येक जागा जीवघेणी आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. कौलारू घरात वर फटी असतात म्हणून धूर निघून जाईल, हा समज चुकीचा आहे. त्याच फटींतून तो आत येतो.

योग्य जागा अशी: कोणत्याही दारा-खिडकीपासून किमान ६ मीटर लांब, चार खांबांवर पत्रा, चारही बाजू मोकळ्या, यंत्राच्या भोवती आणि वर मीटरभर जागा. खाली वीतभर उंच, सपाट ओटा. सपाट यासाठी की कलत्या अंगणात तेलाचा सेन्सर पातळी कमी समजून इंजिन बंद पाडतो आणि मालक कार्बोरेटर उघडत बसतो. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तेव्हा यंत्र घराच्या पूर्व अंगाला आणि सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला हवं. माडाखाली मात्र नको. झावळ पडली तरी पत्रा फाटतो. झोपायच्या खोलीत बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावावाच.

तिथून घरापर्यंत तीन कोरची, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची लवचीक केबल घ्यावी. २० मीटरवर ८ अँपिअरला तिच्यात अडीच-तीन व्होल्टच पडतात. १ चौरस मिलिमीटरच्या स्वस्त वायरीत सहाच्या वर, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. गुंडाळीची एक्स्टेन्शन वापरत असाल तर ती पूर्ण सोडून वापरा, नाहीतर आतली वायर तापून वितळते.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्ये खुपसणं, हा प्रकार अजून चालतो. तो कुणीही करू नये. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरवर चढून ११ हजार व्होल्टच्या लाईनवर पोचू शकते, आणि तिथे वीज खात्याचा लाईनमन भर पावसात खांबावर असतो. यासाठी दोन पोलचा चेंजओव्हर स्विच बसवायचा: मेन, मध्ये बंद, मग जनरेटर. फेजसोबत न्यूट्रलही तुटला पाहिजे. फ्रिज, दिवे, पंखे आणि इन्व्हर्टरचा पॉइंट एवढंच त्यावर घ्यावं. पोर्टेबल जनरेटरचं न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेलं नसतं. तसं असेल तर गळती होऊनही घरातला आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत नाही. ही जोडणी मॅन्युअल समोर ठेवून परवानाधारक वायरमननेच करावी.

सुरू करताना पेट्रोल कॉक उघडा, चोक ओढा, दोरी अडेपर्यंत हळू आणि मग एका दमात ओढा. दोन-तीन मिनिटं लोडशिवाय चालू द्या. मग आधी फ्रिज, नंतर बाकीचं. बंद करताना उलट क्रम. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, पंधरा मिनिटं थंड झाल्यावर. नवं यंत्र बहुधा तेलाशिवाय येतं. १०डब्ल्यू-३० तेल भरल्याशिवाय दोरी ओढू नका. पहिलं तेल २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदला. घरी पेट्रोल ठेवायचं तर धातूच्या कॅनमध्ये, घराबाहेर. विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं.

या यंत्रांची सर्वाधिक दुरुस्ती कार्बोरेटरची निघते. आता पंपावर मिळतं ते इथेनॉलमिश्रित पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलीशिवाय दुसरं काय असतं! टाकीत दोन महिने राहिलेल्या पेट्रोलमधून पाणी वेगळं होऊन तळाशी बसू शकतं, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट-हिरवट खर जमते, आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, सुईच्या टोकाएवढं भोक बुजतं. इंजिन सुरू होतं, पण वर-खाली श्वास घेतल्यासारखं चालतं. चोक अर्धा ओढला की जरा सुधारतं. ही खूण दिसली की जेट काढून कार्बोरेटर क्लीनर आणि हवेने साफ करावा. तार घालू नये, भोक मोठं होतं. वापर संपला की कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो. महिनाभराहून जास्त पडून राहणार असेल तर टाकीही रिकामी करावी.

आणखी एक, अगदी इथली गोष्ट. उन्हाळ्यात पडून असलेल्या यंत्राच्या सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर करते. दोरी कितीही ओढली तरी इंजिन फटफटून बंद पडतं आणि दोष प्लगला दिला जातो. तोंडावर बारीक जाळी लावू नये, तीच बुजते. कापडाचं बूच घालून त्याला लाल फीत बांधून ठेवावी, म्हणजे काढायला विसर पडत नाही. मे अखेरीला एकदा आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवडाभर आधी एकदा, फ्रिज लावून वीस मिनिटं चालवून बघावं. लोडशिवाय चाललेलं यंत्र लोडवर चालेलच असं नाही.